सिमेंटपासून नऊ मीटर

१२ ऑगस्ट

प्राचार्य म्हणाले, "मॅडम, आजपासून सगळं लिहून ठेवा. उद्या कोणी विचारलं तर कागद पाहिजे." त्यांना फाइल म्हणायचं होतं. फाइली मला जमत नाहीत. ह्यांच्या चष्म्याच्या दुकानात काचावाल्या कंपनीने दिलेली डायरी कोरी पडली होती, ती उचलली. जानेवारी ते जुलैची पानं फुकट गेली, जाऊ दे.

बातमी अशी की कॉलेजला व्हॉलीबॉलचा स्वतःचा हॉल होणार. छत असलेला, लाकडी फरशीचा, बसायला गॅलरी असलेला. रंगाचा कारखाना असलेले एक गृहस्थ खर्चाचे दोन हिस्से देणार आहेत. तिसरा हिस्सा कॉलेजने तेरा जानेवारीपर्यंत उभा करायचा. प्राचार्य म्हणाले, "बहुउद्देशीय करू या का? परीक्षा होतील, संमेलनं होतील, एखादं लग्नही होईल."

मी म्हटलं, "सर, बावीस वर्षं मी कँटीनच्या मागच्या सिमेंटवर मुलींना खेळवते. तिथे परीक्षेचे बाक रचलेले असतात, सर्व्हिस लाइनवर तुमची गाडी असते आणि कँटीनवाला भांड्यांचं पाणी कोपऱ्यात ओततो. बहुउद्देशीय मैदान आपल्याकडे आहे. आता एकउद्देशीय द्या."

ते हसले. मी विनोद केला नव्हता.

लाकडी फरशीसाठी मात्र मी हटूनच बसले. त्रेपन्नाव्या वर्षी मी जिना आडवी होऊन उतरते, खेकड्यासारखी. सिमेंटवर उड्या मारल्याचं हे बक्षीस. माझ्या हाताखालून गेलेल्या निम्म्या पोरींची हीच गत. फोन केला की आधी एकमेकींच्या गुडघ्यांची चौकशी, मग नवऱ्यांची.

२९ ऑगस्ट

जुने हजेरीपट काढून माजी खेळाडूंना फोन लावायचा सपाटा. टाचणी मदतीला आहे. टाचणी म्हणजे माझी सहायक, पूर्वी माझ्याच संघात होती. अंगाने टाचणी, जिभेनेही टाचणी. ती म्हणते, "मॅडम, फोनवर मीच बोलते. तुमचा आवाज ऐकून बायकांना वाटतं, अजून दोन फेऱ्या पळायच्यात."

मला नावं आठवत नाहीत, सर्व्हिस आठवते. डावखुरी. नेटमध्ये मारून रडणारी. उंच फेकून चुकवणारी. त्यातली एक आता बँकेत मोठी साहेबीण आहे. म्हणाली, "मॅडम, तुम्ही मला संघातून काढलं होतंत."

"तू सरावाला उशिरा यायचीस."

"मग देणगी पण उशिरा देऊ का?"

आणि दुपारच्या आत पैसे पाठवले. सगळ्यांत आधी तिचेच आले. मी मेलीला उगाच काढलं की काय असं दिवसभर वाटत राहिलं.

७ नोव्हेंबर

नकाशा आला. इंजिनियर तरुण आहे, नम्र आहे, प्रत्येक वाक्याच्या शेवटी "बरोबर ना मॅडम?" म्हणतो. त्याने उंची विचारली. विद्यापीठाचा नियम मला तोंडपाठ आहे: खेळायच्या जागेपासून वर नऊ मीटर मोकळे पाहिजेत, मध्ये दिवा नको, पंखा नको, दोरीसुद्धा नको. त्याहून कमी असेल तर सामना होत नाही. तो म्हणाला, "म्हणजे सिमेंटच्या जमिनीपासून छत तोलणाऱ्या लोखंडी कैचीपर्यंत नऊ. बरोबर ना मॅडम?" मी म्हटलं, "अगदी बरोबर. दिवे कैच्यांच्या मध्ये वर बसवा." त्याने तसं लिहिलं, मी खाली सही ठोकली. फार मोठं काम केल्यासारखं वाटलं.

संध्याकाळी नकाशा टेबलावर पसरून ह्यांना दाखवला. हे भिंग घेऊन बसले. म्हणाले, "ही 'मुख्य प्रशिक्षक' लिहिलेली खोली तुझी का?"

"मग कोणाची?"

"हिच्या न्हाणीघरात पुरुषांची मुतारी कशाला काढलीय?"

पाहिलं तर खरंच. मी खो खो हसले. उंटावरून शेळ्या हाकणारे लोक, आत कोण बसणार ते विचारतील तर शपथ. हे मात्र हसले नाहीत.

१० नोव्हेंबर

इंजिनियरला मुतारी काढून टाकायला सांगितली. बिचारा लालभडक झाला. म्हणाला, "मॅडम, ते सरांनी सांगितलं होतं." म्हटलं, सरांना काय कळतंय. काढून टाक.

९ जानेवारी

तिसरा हिस्सा पुरा! चार दिवस आधी! शेवटची थोडी रक्कम कँटीनवाल्याने दिली. म्हणाला, "एकदाचं मैदान जाऊ दे, म्हणजे मला मागे पाणी ओतता येईल." त्याला म्हटलं, तू अजूनही ओततोसच. पण डोळ्यांत पाणी आलं माझ्या. आलं ते आलं.

२२ जानेवारी

खांब उभे राहिले. रोज सकाळी सरावानंतर मुलींना घेऊन बघायला जाते. कर्णधार पोरगी सहा फुटाला दोन बोटं कमी, तिला सगळे शिडी म्हणतात. तिला खांबाशेजारी उभं केलं तर बोटाएवढी दिसली. "मॅडम, इथे मी बुटकी आहे!" म्हणून नाचली.

रंगवाले गृहस्थ आज एका पाहुण्यांना घेऊन आले. उंच, केस पिकलेले, पायात पांढरेशुभ्र बूट. मोठमोठ्या संघांना शिकवलेला माणूस, फोटोत पाहिलेला होता. बांधकामात पांढरे बूट घालून येणारा माणूस मी पहिल्यांदा पाहिला. मी त्यांना सगळं फिरवून दाखवलं. त्यांनी मुलींची उंची विचारली, सराव किती वाजता असतो ते विचारलं, प्रशिक्षकाच्या खोलीत जाऊन खिडकीतून कुठपर्यंत दिसतं ते पाहिलं. एवढा मोठा माणूस, पण आपल्या हॉलमध्ये किती रस! रंगवाल्यांनी चांगला सल्लागार धरला.

५ फेब्रुवारी

प्राचार्यांना माझ्या बावीस वर्षांच्या निकालांचा तक्ता हवा आहे. जिंकलेले, हरलेले, किती वेळा उपांत्य फेरीपर्यंत गेलो, सगळं. उद्घाटनाच्या पुस्तिकेत घालणार असतील. तसंच कार्यालयातल्या लिपिकाने माझी निवृत्तीची तारीख विचारली. म्हटलं, अजून सात वर्षं आहेत, इतक्यात कुठे पाठवतोस? तो म्हणाला, "छे छे, नुसती नोंद."

तक्ता करताना लक्षात आलं, नऊ वेळा उपांत्य फेरी आणि नऊच्या नऊ वेळा हार. एकदाही पुढे नाही. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, दुसरं काय.

३ मार्च

छत चढलं आणि खालचं सिमेंट ओतून वाळलंही. मुकादम म्हणाला, "बाई, चालून बघा, तळहातासारखं सपाट केलंय." मुली चेंडू घेऊन आल्याच होत्या. नेट नाही, रेघा नाहीत, तरी तासभर खेळल्या. चेंडूचा आवाज छताला लागून परत येतो. मी नुसती उभी राहून ऐकत होते. इतकं सुख मला लग्नातही झालं नव्हतं. हे वाचत नाहीत म्हणून लिहिते.

१८ मार्च

काय लिहू.

आज सुतारांनी दारापाशी लाकडी फरशीचा नमुना जोडून दाखवला, सतरंजीएवढा तुकडा. खाली रबराच्या पट्ट्या, त्यावर आडव्या-उभ्या रिपा, त्यावर फळ्या. सगळ्यांनी त्यावर उड्या मारल्या, वा वा केलं. मी चढायला गेले आणि डाव्या गुडघ्यात कळ आली. पायरी चढताना येते तशी.

पायरी. म्हणजे फरशी वर आली आहे.

सुताराची टेप घेतली. सहा इंच. सिमेंटपासून सहा इंच वर. आणि मी सही केली आहे नऊ मीटरची, सिमेंटपासून. खेळायची जागा म्हणजे फळ्यांचा वरचा भाग. तिथपासून वर नऊ मीटर नाहीत.

आयुष्यभर सिमेंटवर खेळलेली बाई! तिच्या डोक्यात जमीन म्हणजे सिमेंट. लाकडी फरशीला जाडी असते हे माझ्या मनालाच शिवलं नाही. लाकूड पाहिजे, लाकूड पाहिजे म्हणून सात महिने गळा काढला, आणि लाकूड कुठे ठेवायचं ते विसरले.

तिथे कोणाला बोलले नाही. घरी येऊन पुन्हा हिशेब केला. सहा इंच सहा इंचच राहिले.

१९ मार्च

टाचणीला सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, गप्प बसा. तपासनीस येईल, चहा घेईल, वर बघेल, सही करेल. नऊ मीटर कोण मोजतंय?" म्हटलं, एखाद्या सामन्यात कोणी मोजलं तर? निकाल रद्द होईल, हॉल बाद होईल आणि पोरी परत कँटीनच्या मागे.

ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "सांगायला तर लागेल. पण सही तुझी आहे. त्यांना आयतं निमित्त मिळेल."

"कसलं निमित्त?"

"काही नाही." आणि काच पुसत बसले. ह्यांचं नेहमीचंच. अर्धं बोलायचं आणि काच पुसायची.

२० मार्च

सांगितलं. प्राचार्य आणि इंजिनियर दोघेही होते. मी सरळ म्हटलं, "चूक माझी आहे. ह्या मुलाने विचारलं होतं, मी हो म्हटलं."

इंजिनियरने एक तोड सुचवली. लाकूड नकोच, सिमेंटवर पातळ रबरी चटई चिकटवायची. पाव इंच जाडी. छतात थोडं सरकवून तेवढी भरून काढता येईल. खर्च उलट वाचेल, तारीखही चुकणार नाही. प्राचार्यांचा चेहरा एकदम उजळला. "वा! मॅडम, सुटलात तुम्ही. कोणाला काही सांगायलाच नको."

मी म्हटलं, "सर, चटईखाली सिमेंटच ना?"

"असेल, पण दिसणार नाही."

"गुडघ्याला डोळे नसतात सर. त्याला लागतं."

मग सांगितलं, सिमेंट फोडा. सहा इंच खाली जाऊन पुन्हा ओता. इंजिनियर म्हणाला, होईल, पण दोन महिने लांबेल आणि खर्च वाढेल. प्राचार्य मला म्हणाले, "मॅडम, नीट विचार करा. चटई लावली तर चूक कोणाची हा प्रश्नच येत नाही. फोडलं तर रंगवाल्यांना कारण द्यावं लागेल, आणि कारण तुमच्या सहीचं आहे. मी काही लपवू शकणार नाही."

मी म्हटलं, "द्या कारण."

बाहेर आले. मला भीती वाटली, खरंच वाटली. नोकरीत इतक्या वर्षांत कधी वाटली नव्हती.

२ एप्रिल

आज फोडायला सुरुवात. ब्रेकरचा आवाज वर्गांपर्यंत. प्राध्यापक मंडळी खिडक्या लावून घेतात आणि माझ्याकडे बघतात. कँटीनमध्ये कोणीतरी म्हणालं, "आधी ओतायचं, मग फोडायचं, याला म्हणतात क्रीडा." ऐकून घेतलं. आपलेच दात, आपलेच ओठ.

मुकादम मात्र चिडला नाही. तळहातासारखं सपाट केलेलं त्याचं काम ते. म्हणाला, "बाई, चूक सगळ्यांकडनं होते. फोडून घेणारं माणूस मी पहिल्यांदा बघतोय." आणि कडेला बसून विडी ओढली.

रंगवाल्यांनी जास्तीचा खर्च मान्य केला, असं कळलं. कसा मान्य केला, कोणत्या अटीवर, ते प्राचार्यांनी सांगितलं नाही.

११ जून

कळलं.

प्राचार्यांनी बसायला सांगितलं, चहा मागवला. चहा मागवला तेव्हाच ओळखायला हवं होतं. म्हणाले, हॉल मोठा, अपेक्षा मोठ्या. नऊ उपांत्य फेऱ्या आहेत, पण त्यापुढे काही नाही. शिवाय ती सही. व्यवस्थापनाने ठरवलंय, मुख्य प्रशिक्षक म्हणून ते येणार. ते म्हणजे पांढरे बूट. मी "हॉल व्यवस्थापक". किल्ल्या, दिवे, झाडलोट, आरक्षण. पगार तोच.

मी विचारलं, "हे सहीमुळे ठरलं?"

त्यांनी चहात चमचा फिरवला. म्हणाले, "सहीमुळे सोपं झालं."

मग एकेक आठवलं. निकालांचा तक्ता. निवृत्तीची तारीख. खिडकीतून बघणारा पाहुणा. मुतारी! मुतारी पाहून मी हसत होते. अख्ख्या कॉलेजला माहीत होतं, कँटीनवाल्यालाही असेल. मीच तेवढी शहाणी.

घरी येऊन ह्यांच्यावर आगपाखड केली. "तुम्हाला माहीत होतं!" हे म्हणाले, "माहीत नव्हतं. वाटत होतं." म्हटलं, मग बोलला का नाहीत? म्हणाले, "तू इतकी खूश होतीस गं." मी त्या रात्री जेवले नाही.

१६ जून

राजीनाम्याचं पत्र लिहिलं. चार ओळी. किल्ल्यांचा जुडगा घेऊन माझ्याच मुलींच्या सरावाला दार उघडून द्यायचं आणि बाहेर उभं राहायचं, हे माझ्याने होणार नाही. टाचणी म्हणाली तीही सोडते. तिला दम दिला: तू सोडलंस तर तंगडी मोडीन. मुलींना ओळखीचं कोणी तरी पाहिजे.

पत्र तपासणी होईपर्यंत ठेवलं. हॉल पास झालेला बघायचा होता.

१ जुलै

विद्यापीठाचे तपासनीस आले. चहा घेतला नाही. शिडी लावली, टेप लावली, खरोखरची मोजणी केली. फरशीच्या फळीपासून कैचीपर्यंत नऊ मीटर आणि वर एक इंच.

तो इंच कुठून आला म्हणून मुकादमाला विचारलं. म्हणाला, "आमच्याकडनं. थोडं जास्त खोदलं. परत कोणी तुम्हाला बोलायला नको."

टाचणीकडे पाहिलं. 'नऊ मीटर कोण मोजतंय' म्हणणारी ती तपासनिसांच्या टेपकडे बघत होती.

८ जुलै

सकाळी पत्र दिलं. प्राचार्यांनी वाचलं, काचेच्या वजनाखाली ठेवलं, "फार वाईट वाटतं मॅडम" म्हणाले. वाटलंही असेल थोडं.

सरळ घरी जायचं होतं. पण हॉलमधून चेंडूचा आवाज आला. नव्या प्रशिक्षकांचा पहिला सराव. दारात उभी राहिले, आत गेले नाही.

पांढरे बूट काम जाणतात, हे लिहिलंच पाहिजे. आवाज चढवत नाहीत. ते एकेकीच्या पुढे, हातभर लांब चेंडू टाकत होते. पोरी धावायच्या, चेंडू हाताबाहेर आहे असं दिसलं की थांबायच्या आणि तो पडताना बघायच्या. एक, दोन, सहा, सगळ्या. शेवटी ते म्हणाले, "अगं, झेप घ्या. पडा. पडत का नाही तुम्ही?"

शिडी म्हणाली, "सर, आम्हाला पडायचं नसतं."

"कोणी सांगितलं?"

सगळ्या दाराकडे बघायला लागल्या.

मी सांगितलं होतं. पहिल्या दिवशी, पहिला धडा, बावीस वर्षं: चेंडू गेला तर गेला, पडायचं नाही. पहिल्याच वर्षी एक पोरगी सिमेंटवर झेपावली होती. तिचं कोपर मी हाडापर्यंत पाहिलं. तेव्हापासून माझ्या मुली पडत नाहीत. आणि उपांत्य फेरीत समोरच्या पोरी झेपावून झेपावून चेंडू उचलतात, आणि आम्ही हरतो, आणि मी नशिबाला बोल लावते. नऊ वेळा. हे मला आज, तिथे, दारात उभी असताना कळलं. दुसरं काही करता आलं असतं का तेव्हा? नसतं. सिमेंटवर तोच नियम बरोबर होता. पण पोरींच्या पायाखालचं सिमेंट मी फोडून घेतलं आणि डोक्यातलं तसंच ठेवलं.

चपला काढल्या. आत गेले. म्हटलं, "मी सांगितलं होतं. आता मीच सांगते, पडा." कोणी हललं नाही. त्यांचं तरी काय चुकलं? माझ्याच तालमीतल्या.

"शिडे, टाक चेंडू. लांब टाक."

"मॅडम, तुमचा गुडघा..."

"टाक म्हणते ना!"

तिने टाकला. मी धावले, म्हणजे मला जितकं धावता येतं तितकं, आणि अंग झोकून दिलं. जन्मात पहिल्यांदा. पोटावर आपटले आणि घसरत गेले, तीन-चार हात तरी. चेंडू हाताला लागला की नाही मला माहीत नाही. टाचणी म्हणते लागला. टाचणी खोटं बोलते.

मग माझ्या शेजारी धप्प आवाज झाला. शिडी पडली होती, हसत होती. मग दुसरी. मग सगळ्या, धपाधप, चेंडू नसतानासुद्धा, लहान पोरं गादीवर पडतात तशा. पांढऱ्या बुटांनी मला हात दिला. मी घेतला. म्हणाले, "उद्या याल?" मी म्हटलं, "पत्र दिलंय." ते म्हणाले, "ते मला माहीत आहे. याल का, हे विचारतोय." मी चपला शोधून घरी आले.

ह्यांनी सगळं ऐकलं आणि डोक्याला हात लावला. मग मला खिडकीपाशी नेलं, बाही वर केली आणि दुकानातलं भिंग लावून दोन्ही कोपरं पाहिली, मग तळहात, मग गुडघे.

"कुठे लागलंय?"

"कुठेच नाही."

"नीट सांग."

"अहो, खरंच कुठेच नाही लागलं," मी म्हटलं, आणि मला रडू फुटलं. ती कोपरवाली पोरगी डोळ्यांसमोर आली, आणि तिच्यामागून बाकीच्या सगळ्या. हे पाठीवरून हात फिरवत विचारत होते, अगं मग रडतेस का, आणि मी आपलं तेच तेच सांगत होते, लागलं नाही हो, कुठेच लागलं नाही.